फुकुशिमाचा हानामियामा : फुलांचा डोंगर पाहायला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानचा वसंत पाहायला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी टोकियो, क्योतो आणि ओसाका या तीन शहरांतच साकुरा, म्हणजे चेरीची फुले पाहून परततात. ज्यांच्या हाताशी एखादा दिवस जास्त आहे, त्यांनी उत्तरेकडील फुकुशिमा शहरालगतचा हानामियामा अवश्य पाहावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. हे सांगितले की पुढे जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हानामियामा म्हणजे नेमके काय?

‘हाना’ म्हणजे फूल, ‘मि’ म्हणजे पाहणे आणि ‘यामा’ म्हणजे डोंगर. म्हणजेच फुले पाहण्याचा डोंगर. फुकुशिमा शहराच्या आग्नेयेला, वातारी नावाच्या भागात, स्थानकापासून चार-पाच किलोमीटरवर हा डोंगर आहे. डोंगर म्हटले तरी ती खरे तर एक मोठी टेकडीच आहे, कारण तिच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 180 मीटर भरते. पण या टेकडीच्या उतारावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत फुलझाडे लावलेली असून, एप्रिलच्या सुरुवातीला पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी आणि गडद गुलाबी असे रंग एकमेकांच्या डोक्यावरून डोकावत वरपर्यंत चढत गेलेले दिसतात. सपाट बागेत आपल्याला पुढची झाडेच दिसतात, मागची लपतात. उतारावर मात्र प्रत्येक झाड मागच्या झाडाला जागा करून देते, आणि म्हणून हे दृश्य इतके भरगच्च वाटते.

विख्यात छायाचित्रकार शोतारो आकियामा यांनी ‘फुकुशिमात तोगेनक्यो आहे’ असे म्हटले आणि तेव्हापासून हा डोंगर जपानभर ओळखला जाऊ लागला. पीचच्या फुलांनी बहरलेल्या वनापलीकडे, जगाला ठाऊक नसलेला सुखी लोकांचा एक गाव असल्याची जुनी चिनी कथा आहे. त्या गावाला जपानीत तोगेनक्यो म्हणतात. येथे पीचची फुले खरोखरच मुबलक असल्यामुळे ही उपमा नुसती शोभेची राहत नाही.

ही सरकारी बाग आहे का? प्रवेशशुल्क किती?

ही सरकारी बाग नाही आणि प्रवेशशुल्कही नाही. या दोन गोष्टी एकत्र समजून घेतल्या, तरच हा डोंगर समजतो.

ही जमीन फुलांची शेती करणाऱ्या आबे या शेतकरी कुटुंबाची खासगी जमीन आहे. एकेकाळी रेशीम उद्योगासाठी नावाजलेल्या या भागात त्यांनी झाडोऱ्याने भरलेला उतार स्वतःच्या हातांनी खणून मोकळा केला आणि तेथे बाजारात विकण्यासाठी फुलझाडे लावली. येथे पीक म्हणजे सुटी फुले नव्हेत, तर कळ्यांनी भरलेल्या फांद्या. घरातील आणि दुकानांतील पुष्परचनेसाठी जपानमध्ये अशा फांद्यांना मोठी मागणी असते. झाडे वाढली, उतार बहरू लागला आणि वाटेने जाणारे लोक थांबून पाहू लागले. तेव्हा एवढे सुंदर दृश्य आपल्यापुरते ठेवणे बरे नव्हे, या भावनेने 1959 साली या कुटुंबाने आपला मळा ‘हानामियामा उद्यान’ म्हणून सर्वांना खुला केला. तो तेव्हापासून आजतागायत विनामूल्य आहे. आसपासच्या इतर शेतकऱ्यांच्या मळ्यांतही फुलझाडेच असल्यामुळे आपण पाहतो ते दृश्य एका कुंपणात संपत नाही.

म्हणून येथे जाताना आपण तिकीट काढून आत शिरलेले ग्राहक नसून कोणाच्या तरी मळ्यात आलेले पाहुणे आहोत, हे ध्यानात असावे. पुढच्या अनेक उत्तरांचा आधार हाच आहे.

कोणत्या तारखांना जावे?

एकच तारीख मनात धरायची असेल, तर एप्रिलचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरावा. साकुरा, पीच आणि रेंग्यो हे पिवळ्या फुलांचे झुडूप, यांचा बहर साधारणपणे याच दिवसांत एकत्र येतो. अलीकडच्या उबदार वर्षांत मात्र साकुरा मार्चअखेरीसच उमलू लागल्याचे अनुभवास आले आहे, त्यामुळे मार्चचा शेवटचा आठवडाही विचारात घ्यावा.

तारीख थोडी मागेपुढे झाली तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण येथे सगळी झाडे एकाच वेळी फुलत नाहीत. उमे, म्हणजे जपानी आलुबुखार मार्चमध्येच फुलू लागते, मग बारीक पिवळ्या फुलांचे सान्शुयु, रेंग्यो आणि मोकुरेन, म्हणजे मॅग्नोलिया, त्यानंतर साकुराच्या लवकर व उशिरा फुलणाऱ्या जाती, पीच, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात दाट पाकळ्यांचा याए-झाकुरा, असा क्रम असतो. शेतकऱ्याला एकाच आठवड्यात सगळा माल निघालेला परवडत नाही, तो हंगामभर पुरवावा लागतो; पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य आहे.

मुलांच्या सुट्टीची अडचण आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या परीक्षा नेमक्या याच सुमारास येतात, आणि मे महिन्यात पोहोचलात तर साकुरा संपलेला असेल. शाळेत जाणारी मुले बरोबर असतील, तर एप्रिलच्या उत्तरार्धातील याए-झाकुराचे दिवस गाठण्याचा प्रयत्न करावा.

बहराची तारीख आधी कशी कळते?

जपानमध्ये बहराचे अंदाज हवामानाच्या अंदाजाइतक्याच गांभीर्याने प्रसिद्ध होतात आणि फेब्रुवारीपासून ते वारंवार सुधारले जातात. बहुतेक मोठ्या शहरांत निरीक्षणासाठी साकुराच्या सोमेई-योशिनो जातीचे एक ठरावीक झाड असते. त्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की ‘काइका’, म्हणजे बहर सुरू झाल्याचे जाहीर होते, आणि सुमारे 80 टक्के कळ्या उमलल्या की ‘मानकाइ’, म्हणजे पूर्ण बहर. या दोन शब्दांची ओळख असली म्हणजे जपानी संकेतस्थळावरील बातमीही लक्षात येते.

यामागचे शास्त्र रंजक आहे. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात. त्यांना जागे करण्यासाठी आधी पुरेशी थंडी आणि मग पुरेशी ऊब लागते. टोकियोसाठी एक ढोबळ नियम सांगितला जातो, तो असा की 1 फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत गेल्यास ती 600 अंशांवर पोहोचते त्या सुमारास फुले उमलतात. टोकियोहून उत्तरेला असलेल्या फुकुशिमात ही ऊब उशिरा साठते, म्हणून तेथील बहर सर्वसाधारणपणे टोकियोच्या एक-दोन आठवडे मागे असतो. टोकियोचा बहर हुकला तरी हानामियामावर तो गाठता येतो, तो याच कारणाने.

तेथे फक्त साकुराच असतो का? उमे, साकुरा आणि पीच वेगळे कसे ओळखावेत?

फक्त साकुरा पाहायचा तर इतर शेकडो ठिकाणे आहेत. हानामियामाचे वैभव त्याच्या सरमिसळीत आहे.

तिन्ही फुले एकाच कुळातील असल्याने प्रथम पाहणाऱ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. देठाकडे पाहावे. उमेचे फूल फांदीला अगदी चिकटून, बहुधा एकेकटे येते, त्याच्या पाकळीचे टोक गोल असते आणि त्याला स्पष्ट सुगंध असतो. साकुराची फुले लांब देठांवर झुबक्याने लोंबतात, आणि पाकळीच्या टोकाला एक बारीक खाच असते. ही खाच एकदा दिसली की पुन्हा चूक होत नाही. पीचच्या फुलाला देठ जवळजवळ नसतोच, ती फांदीला दोन्ही अंगांनी दाटीने लगडतात, आणि पाकळीचे टोक किंचित निमुळते असते. येथे आहे तो शोभेचा पीच, म्हणजे हानामोमो. त्याचा गडद गुलाबी रंग साकुराच्या फिकट रंगाशेजारी अधिकच खुलतो. गेंपेई नावाच्या पीचच्या तर एकाच झाडावर लाल आणि पांढरी अशी दोन्ही रंगांची फुले येतात. बाराव्या शतकात परस्परांशी लढलेल्या मिनामोतो आणि ताइरा या दोन घराण्यांची निशाणे पांढरी आणि लाल होती, त्यावरून हे नाव पडले.

साकुरातही जाती अनेक आहेत. सर्वत्र दिसणाऱ्या सोमेई-योशिनोची सगळी झाडे कलमांनी वाढवलेली, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच असतात, आणि म्हणून एका परिसरात ती एकदम फुलतात व एकदम गळतात. हानामियामावर त्याच्याबरोबरच लवकर फुलणारे तोकाई-झाकुरा आणि हिगान-झाकुरा आहेत. बाकी रंग भरतात ती पिवळीधमक रेंग्यो, लालसर फुलांचे ‘बोके’ नावाचे झुडूप आणि पानांआधी फुलणारी पांढरी व जांभळी मोकुरेन. मोकुरेनपाशी मराठी माणसाने क्षणभर थांबावे, कारण ती आपल्या सोनचाफ्याच्याच प्रजातीतील आहे. जाड पाकळ्यांचे ते फूल पाहिले की नाते सांगावे लागत नाही.

फुकुशिमाला जाणे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी सर्वांत आधी विचारतात, आणि तो विचारण्यात काही चूक नाही.

फुकुशिमा हे एका प्रांताचे, त्या प्रांताच्या राजधानीचे आणि समुद्रकिनाऱ्यावरील अणुविद्युत प्रकल्पाचेही नाव असल्याने घोटाळा होतो. हा प्रांत क्षेत्रफळाने जपानमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा आहे. 11 मार्च 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर ज्या प्रकल्पात दुर्घटना घडली, तो ओकुमा आणि फुताबा या किनारी गावांच्या हद्दीत आहे. फुकुशिमा शहर तेथून सुमारे 60 किलोमीटर आत, डोंगररांगेच्या पलीकडील खोऱ्यात वसलेले आहे. त्या वसंतात शहरातील किरणोत्सर्गाची पातळी वाढली होती, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पुढील वर्षांत शहरात मोठ्या प्रमाणावर निर्मळीकरण झाले. आज तेथील पातळी दर तासाला 0.1 मायक्रोसीव्हर्टच्या (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आसपास असते. जगातील अनेक शहरांत इतकी नैसर्गिक पातळी असतेच, आणि भारतातून जपानला जाताना विमानात उंचीवर दर तासाला याहून कितीतरी जास्त किरणोत्सर्ग आपल्या वाट्याला येतो. सर्वसामान्य पर्यटकाने फुकुशिमा शहर टाळावे असे कोणतेही कारण आम्हाला दिसत नाही. दुर्घटनेनंतर केवळ नावापायी या भागातील शेतकऱ्यांनी जे सोसले, ते पाहता तेथे जाण्याला आमच्या मनात वेगळे मोल आहे.

टोकियोहून कसे जावे? एका दिवसात परत येता येईल का?

येता येईल. तोहोकु शिनकानसेन, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या बुलेट ट्रेनच्या यामाबिको गाडीने टोकियोहून फुकुशिमा स्थानक साधारण दीड तासावर आहे. यामागाताकडे जाणारी त्सुबासा गाडीही येथे थांबते, पण तिच्यात सर्व आसने आरक्षित असतात. सर्वांत वेगवान म्हणून हायाबुसा गाडीचे तिकीट काढण्याची चूक करू नये. ती फुकुशिमाला थांबत नाही.

बहराच्या दिवसांत स्थानकाच्या पूर्व बाजूकडून थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत ‘हानामियामा-गो’ नावाची विशेष बस सुटते आणि सुमारे 15 मिनिटांत पोहोचवते. तिचे भाडे वेगळे द्यावे लागते. या काळात खासगी मोटारींना डोंगराजवळ मज्जाव असतो व त्या दूरच्या वाहनतळावर लावून पुढे बसनेच जावे लागते, म्हणून भाड्याची मोटार घेण्याचा काहीच फायदा नाही. शनिवार-रविवार टाळावा आणि टोकियोहून सकाळची लवकरची गाडी धरावी. सकाळी नऊच्या आत डोंगरावर असणे आणि अकरानंतर असणे, यांत गर्दीच्या दृष्टीने फार अंतर पडते.

आई-वडिलांना चढ झेपेल का?

डोंगरावर फिरून येण्यासाठी तीन वाटा आखलेल्या आहेत. त्या अनुक्रमे सुमारे 30, 45 आणि 60 मिनिटांच्या आहेत. फोटो काढत, थांबत गेल्यास या वेळेच्या दुप्पट वेळ धरावा. पुण्याची पर्वती जे दमाने चढतात, त्यांना हा डोंगर जड जाणार नाही. मात्र वाटा अरुंद आहेत, काही ठिकाणी चढ तीव्र आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर माती निसरडी होते. चाकांची खुर्ची वर नेता येईल असे समजू नये. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी पायथ्याच्या सपाट रस्त्यावरून मळ्यांच्या कडेने फिरावे. खरे सांगायचे तर संपूर्ण डोंगर एका नजरेत दिसतो तो तेथूनच, वरून नव्हे. त्यामुळे जे वर गेले नाहीत, त्यांचे फार काही चुकले असे होत नाही. स्वच्छतागृहाची सोय चढण्यापूर्वी पायथ्याशीच पाहून घ्यावी. हंगामात येथे फुलांची माहिती देणारे स्थानिक स्वयंसेवकही असतात. भाषा येत नसली, तरी फुलाकडे बोट दाखवून नाव विचारले की ते आनंदाने सांगतात.

माथ्यावरून काय दिसते?

खाली फुकुशिमा शहर आणि समोर, पश्चिमेला, अजून बर्फ अंगावर असलेली आझुमा पर्वतरांग. त्या रांगेत 1,707 मीटर उंचीचा आझुमा-कोफुजी, म्हणजे ‘आझुमाचा छोटा फुजी’, हा ज्वालामुखी शंकू आहे. वसंतात बर्फ वितळू लागले की त्याच्या उतारावर उरलेल्या बर्फाचा आकार हुबेहूब सशासारखा दिसतो. त्याला ‘युकी-उसागि’, म्हणजे हिमससा म्हणतात, आणि तो दिसला की पेरणीची वेळ झाली, असे या खोऱ्यातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. म्हणून त्याचे दुसरे नाव ‘पेरणीचा ससा’ असे आहे. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून सांगतो. तेथे तेच काम डोंगरावरचा ससा करतो. आकाश निरभ्र असेल, तर वर पोहोचल्यावर फुलांकडे पाठ करून आधी हा ससा शोधावा.

कपडे कोणते घ्यावेत? पाऊस लागला तर?

एप्रिलच्या सुरुवातीला तेथे पहाटे तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी पंधरा ते अठरा अंशांपर्यंत जाते. एक जाड कोट घेण्यापेक्षा काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ थर बरे. पकड चांगली असलेले बूट हवेतच. हलक्या पावसात रंग अधिक गडद दिसतात, त्यामुळे दौरा रद्द करू नये. पण पूर्ण बहरानंतर जोराचा वारा-पाऊस झाला की साकुरा एका रात्रीत गळून जातो, एवढे लक्षात ठेवावे.

शाकाहारी माणसाने काय खावे?

अडचण मांसापेक्षा ‘दाशी’ची आहे. सुकवलेल्या माशांपासून केलेले हे पाणी सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, अशा जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते, आणि ‘यात मासा नाही ना’ असे विचारले तरी अनेकांच्या मनात दाशी येतच नाही. फुकुशिमा शहराची खासियत असलेल्या एनबान ग्योझा, म्हणजे गोल तव्यात चक्राकार लावून भाजलेल्या करंज्यांसारख्या पदार्थात, बहुधा डुकराचे मांस असते.

आमचा सल्ला असा की दिवसापुरती शिदोरी बरोबर असावी. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, गुळपोळी हे पदार्थ प्रवासात टिकतात. जपानमध्ये मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे आणि ताजी फळे व भाज्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे ही शिदोरी पूर्ण शिजवलेल्या, कोरड्या पदार्थांचीच असावी. स्थानकावरील दुकानात नुसत्या मिठाचा किंवा खारवलेल्या उमेचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी मुटका मिळतो. त्याचे लेबल फोनवरील भाषांतराच्या सोयीने वाचून घ्यावे.

चटई पसरून झाडाखाली बसता येते का? फोटो काढताना काय पाळावे?

टोकियोतील उद्यानांत निळी ताडपत्री पसरून खातपीत बसण्याची जी पद्धत आहे, ती येथे आणू नये. या वाटा चालण्यासाठी आहेत, आणि वाटेच्या पलीकडे जे आहे ते पीक आहे. फोटोसाठी फांदी खाली ओढणे, फूल खुडणे, वाट सोडून बुंध्याशी जाणे, या गोष्टींनी झाडाच्या मुळांना आणि कळ्यांना इजा होते. साकुराची मोडलेली फांदी सहज कुजते आणि रोग आत शिरतो. अरुंद वाटेवर तिपाई उभारून मागच्यांना अडवू नये. ड्रोन परवानगीवाचून उडवू नये. कचरा आपल्याबरोबर परत आणावा. सूचनाफलकांवर त्या वर्षीचे नियम लिहिलेले असतात, ते चित्रांवरूनही समजतात.

पायथ्याशी शेतकरी आपल्या मालाची छोटी दुकाने मांडतात. विनामूल्य डोंगर पाहून झाल्यावर तेथून काहीतरी विकत घेणे, ही परतफेडीची सर्वांत सोपी रीत आहे.

जोडून आणखी काय पाहता येईल?

मुक्काम करायचा असेल, तर फुकुशिमा स्थानकावरून छोट्या स्थानिक रेल्वेने साधारण 25 मिनिटांत इइझाका ओनसेन हे उष्ण झऱ्यांचे जुने गाव गाठता येते. कवी मात्सुओ बाशो 1689 साली आपल्या उत्तरेच्या प्रवासात येथे उतरले होते. तेथील सार्वजनिक स्नानगृहांतील पाणी अतिशय कढत असते, तेव्हा एकदम उतरू नये. याच प्रांतातील मिहारु गावचा ताकी-झाकुरा, म्हणजे धबधब्यासारखा झुकलेला साकुरा, हजार वर्षांहून जुना मानला जातो आणि 1922 पासून राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षित आहे. तेथे जायला कोरियामा स्थानकावरून वाट आहे. दोन्ही स्थळे एका दिवसात कोंबू नयेत.

एखादे रोप किंवा फांदी घरी आणता येईल का?

नाही. भारतात रोपे, कलमे व बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि पर्यटकाला ते ऐनवेळी मिळत नाही. शिवाय थंडीवाचून या कळ्या जाग्या होत नाहीत, म्हणून पुण्या-मुंबईच्या अंगणात ही झाडे जगली तरी नीट फुलणार नाहीत. डोंगराच्या पायथ्याशी कळ्यांची फांदी विकत मिळाली, तर ती टोकियोतील हॉटेलच्या खोलीत पेल्यात पाणी घालून ठेवावी; खोलीच्या उबेत कळ्या उमलू लागतात, आणि परतीच्या दिवसापर्यंत ती फुललेली पाहता येते.